मोठाईपासून सहा फूट

“काऊन रे पोट्ट्या, मुका घेतं का मायावाला?”

मोठाई असं म्हणाली आणि सपरीत, म्हणजे ओसरीत, बसलेल्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पोट्टा म्हणजे मी. वय सेहेचाळीस, एक पोरगी बारावीला. मोठाई म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. तिचं वय नव्वदीच्या आसपास. नेमकं किती ते तिलाच ठाऊक नाही आणि आधार कार्डावर १ जानेवारी टाकून दिलीय. मी तिच्या चेहऱ्यापासून तीन फुटांवर कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसलो होतो आणि तिची मान दर वेळी थोडी थोडी मागे सरकत होती. शेवटी डोकं भिंतीला टेकलं, तेव्हा ती हे बोलली.

कॅमेरा मामिया ६४५, त्यातला १०००एस. जुना, दोन हातांतून फिरून आलेला. सोबत ८० एमएम, एफ २.८ चा नेहमीचा लेन्स. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तेवढा उजेड जास्त. या कॅमेऱ्यावर ८० म्हणजे साधा लेन्स, डोळ्याला दिसतं तेवढंच दाखवणारा. डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो हवा असेल तर तीन फुटांवर जावंच लागतं. तीन फुटांवरून नाक मोठं येतं, कान मागे जातात. मोठाईचं नाक आधीच मोठं आहे.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगतो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. बाबांनी सुरू केलेला फोटो स्टुडिओ मी चालवतो. स्टुडिओ म्हणायचं, पण खरी कमाई झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, ऑनलाईन फॉर्म आणि लग्नाच्या सीझनची. यातलं एक काम असं आहे की त्याला पाटीवर नाव नाही. घरात कोणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोणीतरी येतो, खिशातून आधार कार्ड काढतो आणि म्हणतो, “याच्यावरून मोठा करून द्या, १२ बाय १५.” आधारवरचा तो राखाडी, घाबरलेला चेहरा. नाहीतर लग्नाच्या ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेतलं अर्धं डोकं. मी ते कापतो, मागे निळा पडदा टाकतो आणि घरचे म्हणतातच म्हणून कोट चढवतो. जन्मभर धोतर आणि खांद्यावर दुपट्टा घेऊन पऱ्हाटीत उभे राहिलेल्या किती म्हाताऱ्यांना मी मेल्यावर कोट शिवलेत, याचा हिशेब नाही.

म्हणून दोन वर्षांपासून ठरवलंय की गावातल्या साठीपुढच्या माणसांचे ते जिवंत असतानाच नीट फोटो काढायचे. फुकट. आणि रोलवर.

रोलवर का, असं माझा भाचा विचारतो. डिजिटलवर ८५ चा चांगला लेन्स आहे, त्याने दोन मिनिटांत झालं असतं हे खरंच आहे. पण एका उन्हाळ्यात माझी हार्ड डिस्क बसली आणि दोन वर्षांची लग्नं गेली. बाबांच्या १९७० नंतरच्या निगेटिव्ह मात्र पत्र्याच्या पेटीत अजून आहेत. काहींना बुरशी लागली, पण माणूस ओळखू येतो. एनलार्जरही, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र, बाबांचाच आहे, चालू आहे. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही.

तर अडचण तीन फुटांची होती. सरळ उपाय म्हणजे १५० एमएम, एफ ३.५ चा लेन्स घेणे. तो मिळतो, पण सोयाबीनचा भाव पाहून आमच्याकडचा माणूस जसा ट्रॅक्टरचा विचार पुढच्या साली ढकलतो, तसा मी तो ढकलत होतो. मग ज्याच्याकडून कॅमेरा घेतला त्यानेच एकदा कुरिअरमध्ये दोन एक्सचा टेलिकन्व्हर्टर घालून पाठवला. “पडून आहे, वापरून पाहा, जमला तर साडेतीन हजार द्या.”

डबीएवढी वस्तू. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये बसते. आत काही भिंगं असतात, ती लेन्समधून आलेला प्रकाश आणखी पसरवतात, त्यामुळे चित्राचा मधला भाग दुप्पट मोठा होऊन फिल्मवर पडतो. ८० चा झाला १६०. पण तेवढाच प्रकाश चौपट जागेवर सांडतो, म्हणून दोन स्टॉप जातात, म्हणजे उजेड दोनदा अर्धा होतो. लेन्सवर २.८ लिहिलेलं असलं तरी फिल्मला मिळतं ५.६ इतकं. लेन्सवरचा आकडा काही बदलत नाही. या न बदलणाऱ्या आकड्याने माझा एक रोल खाल्ला, ते पुढे येईल.

कन्व्हर्टर लावून मी मोठाईसमोर परत बसलो, या वेळी सहा फुटांवर. मध्ये सूप होतं, त्यात तुरीची डाळ, आणि एक मांजर. मोठाई डाळ पाखडत राहिली. एकदा वर पाहिलं.

“आता बरं हाये. तिकडूनच काढ.”

नाकाचं म्हणाल तर ते जागेवर आलं. पण ही कन्व्हर्टरची करामत नाही. चेहऱ्याची ठेवण ठरते ती आपण किती अंतरावर उभे आहोत यावर. सहा फुटांवरून कोणत्याही लेन्सने पाहा, नाक आणि कान यांचं नातं तेच राहतं. मागे सरकल्यावर चेहरा लहान होतो, तो परत फ्रेमभर आणण्यापुरताच कन्व्हर्टर.

हे मला बाबांनी वेगळ्या तऱ्हेने शिकवलं होतं. त्यांच्याकडे याशिका ६३५ होता, दोन डोळ्यांचा. त्याचा लेन्स निघतच नाही. बाबा गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचे, चांगलं सहा-सात फूट मागे जायचे, गुडघ्यापर्यंतचा माणूस घ्यायचे, आणि मग डार्करूममध्ये एनलार्जरचं डोकं वर चढवून फक्त चेहरा छापायचे. रोल असायचा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा, ‘इंदू’. तो संपला की बाबा शकुंतलेत बसून मूर्तिजापूरला, तिथून पुढे अकोल्याला जायचे आणि रात्री परत. शकुंतला म्हणजे आमची अडीच फुटी रुळांवरची गाडी, ती दारव्ह्यावरून जायची.

मग मला प्रश्न पडला की बाबांसारखंच का करू नये? ८० लावून सहा फुटांवर बसावं, नंतर मधलाच भाग छापावा. दोन स्टॉपही वाचतील. करून पाहिलं. मोठाईचेच दोन फोटो, एक कन्व्हर्टर लावून पूर्ण निगेटिव्हवर, दुसरा साध्या ८० ने घेऊन मधला तुकडा कापून. साध्या ८० ने घेतलेल्या निगेटिव्हचा जो तुकडा मला हवा होता, तो भरला जेमतेम २८ बाय २१ मिलिमीटर, म्हणजे जुन्या साध्या ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षाही लहान. मग १२० चा रुंद रोल घालून काय मिळवलं? ८ बाय १० चा प्रिंट काढला तर गालावर फिल्मचे दाणे असे उठले जणू मोठाईच्या अंगावर रवा सांडलाय. कन्व्हर्टरवाल्यात दाणे बारीक होते, गालाचा रंग एकसारखा उतरत गेला होता. पापण्या मात्र दोन्हीत सारख्याच मऊ. लेन्सचे दोष दोन्हीकडे दुप्पट होतात, एकदा फिल्मच्या आधी, एकदा फिल्मच्या नंतर. कन्व्हर्टरमध्ये त्याच्या स्वतःच्या भिंगांचे थोडे दोष आणखी मिळतात. पण फिल्मचे दाणे दुप्पट होत नाहीत. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला.

मऊ येतो म्हणजे किती? लेन्स पूर्ण उघडा ठेवला तर चांगलाच. डोळ्याच्या बुबुळात खिडकी दिसायला हवी, ती दिसते पण कडा साखरेच्या पाकासारख्या. लेन्सवर ४ लावलं की, म्हणजे खरे ८, बरंच सुधारतं. सपरीत मी आता ४ च लावतो. ५.६ लावावं असं वाटतं, पण आमच्या सपरीत तेवढा उजेड कुठे आहे? सकाळी आठ-साडेआठला, समोरच्या अंगणातलं ऊन सपरीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरून वर उसळतं, तेव्हा ४०० च्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या, रोलला खऱ्या एफ ८ वर सेकंदाचा तिसावा भाग मिळतो. १६० एमएम हातात धरून तिसावा भाग म्हणजे म्हाताऱ्यापेक्षा मीच जास्त हलणार. त्यामुळे तिपाई, बटण दाबायची केबल आणि फाइंडरमध्ये, म्हणजे पाहायच्या खिडकीत, चित्र दाखवणारा आरसा आधी वर उचलून ठेवणे. या कॅमेऱ्याचा आरसा असा आपटतो की मांजर उठून गेलं. आरसा वर गेला की मला काही दिसत नाही, तोवर मोठाईने मान फिरवली तर फिरवली. म्हणून मी फाइंडर सोडून तिच्याशीच बोलतो आणि बोलता बोलता केबल दाबतो. माझ्या चांगल्या फोटोंतले निम्मे असे न पाहता काढलेले आहेत.

फोकसचं दुखणं वेगळं. फाइंडरच्या मधोमध जो चिरलेला गोल असतो, दोन अर्धी चित्रं जुळवायचा, तो उजेड ५.६ वर आला की अर्धा काळा पडतो. डोळा जरा इकडे केला की वरची बाजू काळी, तिकडे केला की खालची. शेवटी त्याच्या बाजूच्या धुरकट काचेवरच फोकस करावा लागतो. आणि फोकसला जागा किती? सहा फुटांवर, खरे ५.६ असताना, जेमतेम अडीच इंच. ८ वर पावणेचार. चेहऱ्याला पुरतं, पण चुकायला पुरत नाही.

इथे मोठाईच्या गोंदणाने मला वाचवलं. नव्वदीच्या चेहऱ्यावर सगळंच सुरकुतलेलं, राखाडी, एकात एक मिसळलेलं. अंधाऱ्या फाइंडरमध्ये पापणी कुठे आणि सुरकुती कुठे ते कळत नाही. गोंदणाचा हिरवा-काळा ठिपका मात्र स्पष्ट दिसतो. कपाळावरचा नाही धरायचा, तो डोळ्यांच्या पुढे येतो. तिच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी एक बारीक ठिपका आहे, तो बुबुळाच्या जवळपास सरळ रेषेत. त्यावर फोकस केला की डोळा आलाच. आता कोणतीही म्हातारी बाई समोर बसली की मी आधी गोंदण शोधतो. पुरुषांच्या चेहऱ्यावर सहसा गोंदण नसतं, तिथे चष्म्याची काडी धरतो, नाहीतर दाढीचा खुंट.

आणखी एक फायदा कन्व्हर्टर घेताना माझ्या डोक्यातही नव्हता. ८० चा लेन्स ७० सेंटीमीटरपर्यंत जवळ जातो, आणि कन्व्हर्टर लावल्यावरही ७० सेंटीमीटरपर्यंतच जातो, फक्त चित्र दुप्पट. म्हणजे फ्रेममध्ये वीतभर जागा येते. नागपूरच्या एका मित्राने मध्यंतरी त्याचा १५० दोन आठवड्यांसाठी दिला होता. काय लेन्स आहे! कन्व्हर्टरपेक्षा सव्वा स्टॉप उजेड जास्त, बुबुळातली खिडकी चाकूने कापल्यासारखी. पण तो दीड मीटरच्या आत येत नाही. वीतभर जागा त्याला दिसत नाही, आणि वीतभर जागेत मला हात हवे होते.

डिसेंबरात वेचणीच्या दिवसांत आमची मावशी, म्हणजे शेजारची, रक्ताची नाही, संध्याकाळी धुऱ्यावर बसून बोटांच्या चिंध्या सोडत होती. कापसाच्या बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात, म्हणून वेचणाऱ्या बाया बोटांना चिंध्या बांधतात. पांढरी चिंधी, काळी बोटं, नखाच्या कडेला वाळलेलं रक्त. मी तिपाई लावली तर ती म्हणाली, “तोंडाचा काढ, हाताचा कायले?” दोन्ही काढले. तोंडाचा तिच्या घरी आहे. हातांचा माझ्याकडे.

उघड्यावर मात्र या कन्व्हर्टरचं एक वाईट आहे. मागे आकाश आलं की सगळं चित्र ताकासारखं होतं, काळा काळा राहत नाही. भिंगं जास्त, त्यामुळे आत उजेड इकडून तिकडे आपटत असणार. उपाय म्हणजे लांब हुड, लेन्सच्या तोंडावर सावली धरणारी नळी. ८० चा लेन्स कन्व्हर्टरमुळे आता अर्ध्याच रुंदीचं पाहतो, म्हणून त्याला नेहमीपेक्षा बराच लांब हुड चालतो, कोपरे कापले जात नाहीत. मी मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून चढवलाय. दिसायला ओंगळ आहे, पण काम करतो. पोरं त्याला भोंगा म्हणतात.

बॅटरीचंही सांगूनच टाकतो, कारण खेड्यात राहून हा कॅमेरा घेणाऱ्याला ते लागेल. बॅटरीशिवाय याचं शटर नीट चालत नाही आणि ती सहा व्होल्टची जाड बॅटरी दारव्ह्यात काय, यवतमाळातही मला मिळाली नाही. मग घड्याळजीकडून खेळण्यात टाकतात ते एलआर ४४ चे चार सेल घ्यायचे, एकावर एक ठेवून वहीच्या कागदात घट्ट गुंडाळायचे. दीड चोक सहा. दोन वर्षं यावरच चाललंय.

आता त्या रोलचं.

आबाजी आमच्या आळीच्या टोकाला राहतात. एक्क्याऐंशी वर्षांचे, तोंडात एक दात नाही, गाल असे आत गेलेले की दोन्ही बाजूंना सावलीची वाटी ठेवलीय. तसा चेहरा फोटोवाल्याला वर्षातून एकदा मिळतो. तीन वेळा निरोप पाठवल्यावर ते बसायला तयार झाले. पांढरा सदरा, धुतलेला दुपट्टा, कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, दारात, अर्धा बैल पाठीमागे अंधारात. माझ्या फाइंडरमध्ये मीटर नाही, मी मोबाईलवर उजेड मोजतो. मोबाईल म्हणाला ५.६ ला साठावा भाग. मी लेन्सवर ५.६ लावलं. बस. पंधराच्या पंधरा फ्रेम. लेन्सवरचे ५.६ म्हणजे खरे ११, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. मीटर लेन्समधून पाहणारा असता तर त्याने ते आपोआप धरलं असतं, पण बाहेरच्या मीटरला मधल्या डबीची काय खबर?

त्यातही रोल धुण्याच्या आधी आठवलं असतं तर वाचला असता. एचपी ५ सारखा रोल साडेसात मिनिटांऐवजी चौदा मिनिटं धुतला तर दोन स्टॉप बरेच सांभाळून घेतो. पण मे महिना होता. टाकीतल्या पाण्याला हात लावता येत नव्हता, माठाचं पाणी २४ अंशांवर मिळालं तेच देवाचं, आणि माझं सगळं लक्ष वेळ कमी करण्याकडे होतं. २४ अंशांना सव्वापाच मिनिटं. सव्वापाचला डेव्हलपर ओतून दिला आणि निगेटिव्ह काढली तर काचेसारखी. सदरा दिसतो, मिशी दिसते, बाकी आबाजी कोठ्याच्या अंधारात विरघळलेले.

मी तसाच एक साधा प्रिंट काढून दाखवायला नेला, ही दुसरी चूक. आबाजींनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

“हे तं मी मेल्यावरचं होय.”

परत बसा म्हटलं तर म्हणे, “एक डाव काढला नं बाप्पा, आता कायले?” आणि मग ते पोराकडे पुण्याला गेले. चार महिने. पोळ्याला परत आले. बैल सजलेले, तोरणाखाली उभे, मी माझा भोंगा घेऊन सहा फूट, आठ फूट मागे मागे फिरत होतो. तेवढ्यात कोणीतरी खांद्यावर हात ठेवला.

“आता काढ. आता दात हायेत.”

पोराने पुण्यात कवळी बसवून दिली होती. वरची-खालची, पूर्ण. गालाच्या वाट्या भरून गेल्या होत्या. चेहरा गोल, ओठ पुढे आलेले, हसू टूथपेस्टच्या जाहिरातीचं. मी काय बोलणार? लेन्सवर २.८ लावलं, मनात ५.६ म्हटलं, दोनदा म्हटलं, आणि काढला. सुंदर निगेटिव्ह आली. दात सगळ्यात तीक्ष्ण.

तो फोटो आबाजींच्या घरी फ्रेममध्ये आहे, टीव्हीच्या वर. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, “हा कोन होय, वळखा पाहू?” आणि स्वतःच हसते.

जुन्या पंधरा फ्रेममधली सातवी मात्र मी सोडली नाही. सगळ्यात कडक कॉन्ट्रास्टचा, पाच नंबरचा फिल्टर लावून, गालाला हाताने सावली धरून, सदऱ्याला जास्त उजेड देऊन, सहा कागद वाया घालवल्यावर सातवा जमला. बैल गेला, कोठा गेला, पण गालाच्या दोन वाट्या राहिल्या, आणि डोळ्यात दाराचा चौकोन. स्टुडिओत झेरॉक्स मशीनच्या वर लावलाय.

परवा आबाजी सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आले. मशीन गरम होईपर्यंत वर पाहत उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

“तुमी मेलेल्याले कोट बसवता नं कम्प्युटरवर?”

“हो आबाजी.”

“मंग याले दात बसवून दे.”